दिलीपचं बार्बेक्यू, बाबांचं भरीत

७ डिसें., रवि.
दिलीपनं अमरावतीहून पिकअपमध्ये टाकून पाठवलं एकदाचं. गॅसवरचं बार्बेक्यू. त्याच्या मित्राचं हॉटेल बंद पडलं, तिथलं. फोनवर म्हणे, "ताई, थोडं पुसून घेजो, बस." पुसून! झाकण उघडलं तर आत झुरळं. जाळीवर चरबीचा थर, बोट टेकवलं तर चिकटलं. माझा भाऊ म्हणजे... जाऊ दे.
बाबा गच्चीवर आले, नाकाले धोतराचा सोगा लावून. "कोंबड्या भाजल्या याच्यावर. मी नाई खात याच्यावरचं."
तसंही कुठं खातात. आई गेली, मी त्यांना इथं अकोल्याले आणलं, तेव्हापासून अर्धी भाकर अन् घोटभर वरण. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसते अंगावर.

८, सोम.
बाबांचं एकच. "मले गावाले नेऊन सोड." गाव चांदूर बाजारजवळ, घरी कोणी नाही. मागे शुगर उतरली अन् गोठ्यात पडले, दुपारपर्यंत कोणाले पत्ता नव्हता. सांगितलं तर म्हणतात, "पडलो त पडलो."
भरीत सोडून कशाचं नाव काढत नाहीत. घरच्या गॅसवर भाजलं तर म्हणे उकडल्यासारखं लागते. गच्चीवर शेगडी पेटवली तर सोसायटीचे सेक्रेटरी वर, "मॅडम, धूर." म्हणून हे डबडं.
शेवटी ठरलं. २१ ले, रविवारी, याच्यावर भरीत. बाबांना पटलं तर उन्हाळ्यापर्यंत राहतील. नाही तर सोमवारी गावाले. बाबांनी मुंडी हलवली. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं, साक्षीदार म्हणून. तेवढीच मदत.

१०, बुध.
जाळ्या गरम पाण्यात, धुण्याच्या सोड्यात. टब आंघोळीचा, त्यावरून हे ओरडले. सकाळी चरबी सुटली, पाणी मोरीत ओतलं, मोरी तुंबली. प्लंबर. ऑफिसले उशीर. हाताची सालं निघाली. कोणाले काही नाही त्याचं.

१३, शनि.
खालचा ट्रे उलथण्यानं खरवडला. आईचं उलथणं. टोक मोडलं. रडू आलं. रागानं. रागानंच.

१४, रवि.
नळी नवी आणली, साबणाचा फेस लावून पाहिला, गळत नाही. बटण मेलेलं, काडी लावली. एक बर्नर पिवळा, दुसरा फडफडून विझला, तिसरा भक्! हातावरचे केस गेले. बाबा खुर्चीवरून, "फेकून दे वं थे भूत."
बर्नर सोडवले. त्यांच्या लोखंडी नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. अन् भोकं सगळी बुजलेली.

१६, मंगळ.
सुईनं भोकं कोरून राहिली. गोधडीची सुई वाकली, दुसरी घेतली, ते भी वाकली. दिलीपचा फोन, "झालं का?" म्हटलं तू ये अन् कर. "मिटिंग आहे वं ताई." ठेवून दिला.

१९, शुक्र.
निळी ज्योत! तिन्ही! जाळीले जवसाचं तेल लावून तापवली, काळी चकचकीत झाली. बाबांनी वाकून हुंगली. "गेली वाटते कोंबडी." पंधरवड्यातलं पहिलं बरं वाक्य.

२१, रवि.
लिहावंसं वाटत नाही.
वांगी मस्त भेटली. भाजली भी मस्त, साल आपोआप सुटली. कांद्याची पात, मिरच्या, शेंगदाणे, सगळं आईसारखं. बाबांनी घास घेतला. चावला. ताट सरकवलं. "चांगलं हाये बाई. पन वास नाई."
"कशाचा वास?"
"काडीचा."
तुराटीचा म्हणजे, तुरीच्या वाळल्या काड्यांचा. जाऊन झोपले. मी ओट्यावर फडकं आपटलं. मरमर करा अन् वास नाही! ह्यांना म्हटलं, उद्या गाडी काढा. हे म्हणे, "उद्या मले काम आहे, मंगळवारी." बरं, मंगळवारी.

२२, सोम.
रजा टाकली होती. दळण घेऊन आली तर जिन्यात धूर. पळाली वर. बाबा! सकाळी फिराले म्हणून गेले ते मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरातून तुराटीचा भारा घेऊन आले. रचली माझ्या बर्नरवर, अन् पेटवली. उरलेली वांगी त्याच्यात.
"बाबा, सिलिंडर!"
"काढला त्याले आधीच. येडा नाई मी."
भोकं राखेनं भरलेली. सगळी. काय काय बोलली मी देवाले माहीत, खालच्या मजल्यावर नक्कीच ऐकू गेलं. एकेक भोक कोरलं मी बाबा, तुमच्यासाठी कोरलं, तुमी जेवत नाही म्हणून माझा जीव जाऊन राहिला अन् तुमाले त्याचं काही नाही! ते सालं सोलत बसलेले, बोटं फुंकत. "जेव आधी. मंग बोंबल."
भाकरी टाकल्या. गच्चीवरच बसलो. बाबांनी दुसरी भाकर मागितली. मागितली!
चांगलं झालं होतं, मेलं.
सेक्रेटरी आलेच. बाबांनी त्यांच्या हातावर भाकर-भरीत ठेवलं. त्यांनी खाल्लं, बोटं चाटली, अन् म्हणाले, उद्या नोटीस लावतो.

२३, मंगळ.
सकाळी पाहते तर बाबांनी बर्नर सोडवून पेपरात गुंडाळून पिशवीत ठेवलेले. वर स्वेटर.
"जमलं ना भरीत? राहायचं ठरलं होतं."
"थे त म्या भाजलं. तू कुठी भाजलं?" हसले चक्क. मग म्हणे तुराटी संपली, गावाहून आणतो. सुई वाकते, बाभळीचे काटे आणतो, तिथंच ओसरीवर बसून कोरतो.
"परत कवा?"
"भोकं मोकळी झाली की."
गावच्या घराशेजारच्या चुलतभावाले फोन करून ठेवला, सकाळ-संध्याकाळ डोकावजो म्हणून. हे खाली गाडीत हॉर्न वाजवून राहिले. गोळ्यांची डबी घेऊन बसली आहे, महिन्याच्या द्याव्या का किती, कळेना.
आठवड्याच्याच भरल्या.