चालू कॉल संपू द्यावा

४ जून, मंगळवार. सकाळी ९.१०
आजपासून डोकं शांत. ठरलं म्हणजे ठरलं. कॉलेज सोडलं तेव्हा डोकं तापलं होतं, मान्य. पण चूक प्राचार्यांची होती. बाबा म्हणतात, शिक्षण अर्धं टाकलंस, आता नोकरी तरी पुरी कर. नोकरी काय कादंबरी आहे, पुरी करायला?

साहेबांनी काम दिलंय. ऑफिसचं जुनं टेलिफोन एक्सचेंज शनिवारी बंद करून बॅटऱ्या आणि पंखा बदलायचा. टेक्निशियन वायरमामांना गुडघ्यामुळे वाकवत नाही, म्हणून हात माझे. नीट झालं तर नोकरी कायम. नाहीतर रस्ता मोकळा.

मला नोकरीचं काही नाही. पण ऑपरेटरच्या बोर्डावर ती बसते, आणि एक्सचेंजची खोली नि तिची खुर्ची यांच्यामध्ये फक्त एक काच आहे.

दुपारी १.४०
तिने आपणहून माझ्याकडे पेन मागितलं. तिच्यासमोर तीन पेनं होती. मी मोजली. याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल.

५ जून
मामांनी कागद दिला. आधी सगळ्यांना कळव. मग सेटिंग्ज सेव्हला लाव. हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत चाळीस मिनिटं हात लावू नको. चालू कॉल संपू दे. मग मेन स्विच, सगळ्यात शेवटी बॅटरी. मी म्हटलं, मामा, बटण बंद करायला एवढं पुराण? ते म्हणाले, बाबा रे, ही म्हातारी आहे, थोपटून झोपवावी लागते. ढकललीस तर उठल्यावर कुणाला ओळखायची नाही.
वयापरत्वे माणूस भित्रा होतो.

६ जून
सगळ्यांना कळवलं. म्हणजे तिला कळवलं. तीनदा. ती म्हणाली, शनिवारी मीही येते, बोर्ड तपासावा लागेल. सुट्टीच्या दिवशी! आता काय स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं तिने?

७ जून
सगळ्यांसाठीची नोटीस लावायची राहिली. निळ्या शर्टला इस्त्री केली.

८ जून, शनिवार. १०.०५
सेव्ह सुरू. दिवा लुकलुकतोय. मामा जिना चढताहेत. पहिल्या मजल्यावर टेकलेत.

१०.११
लुकलुकतोय.

१०.१४
तिच्या बोर्डावर बाहेरची लाइन पेटली. बोलतेय.

१०.२२
हसतेय. माझ्याशी बोलताना एवढी कधी हसली नाही. डोकं शांत.

१०.२९
खुर्ची भिंतीकडे फिरवली. वायर बोटाला गुंडाळतेय. कंपनीच्या लाइनवर! सुट्टी असली म्हणून काय झालं? शिस्त नावाची काही गोष्ट?

१०.३१
मेन स्विच पाडला. ती बोलतच होती. बॅटरीवर चालत होतं. बॅटरीची वायर उपटली. बोलणं थांबलं.
रागाने नाही केलं. तांत्रिक निर्णय.

१०.३५
मामा पोचले. विचारलं, दिवा स्थिर झाला होता का? म्हटलं, जवळजवळ. मामा स्टुलावर बसले.

४.३०
नव्या बॅटऱ्या, नवा पंखा. एक्सचेंज उठलं, पण सेव्ह अर्धवट राहिल्यामुळे थेट अकरा वर्षांपूर्वीच्या सेटिंग्जवर. साहेबांचा नंबर फिरवला की जिन्याखालच्या स्टोअरमध्ये वाजतो. सगळे नंबर परत हाताने भरायला मामांच्या हिशेबाने दहा दिवस. माझ्या हिशेबाने तीन.

१० जून
साहेबांचे सगळे कॉल स्टोअरकीपरने घेतले. एका ग्राहकाला माल लवकर देण्याचा शब्दही दिला. बाकी कुणाची तक्रार नाही. म्हणजे काम तसं चांगलंच झालंय.

११ जून
साहेबांनी बोलावलं. वाटलं, गेली. साहेब म्हणाले, फोनची वाट लागलीय आणि तक्रार करणारा मी एकटा. बाकी सगळे मोबाइलवर. मग हे धूड पोसायचं कशाला? काढा एक्सचेंज, काढा बोर्ड. आणि माझी नोकरी? काढायला माणूस लागेलच, म्हणाले. महिनाभर.
मुदतवाढ! आता तिला विचारायचंच.

१२ जून
विचारायच्या आत तीच खोलीत आली. पहिल्यांदाच. म्हणाली, दोन वर्षं बदली मागतेय. बोर्ड कोण सांभाळणार म्हणून साहेब सोडत नव्हते. आता बोर्डच नाही. सोमवारपासून दुसऱ्या गावच्या शाखेत. तोही त्याच गावात असतो. शनिवारी फोन मध्येच तुटला, मी रुसले असं वाटून तो संध्याकाळी आईवडिलांना घेऊनच दारात. तारीख ठरली. तुमचे उपकार कसे फेडू?
म्हटलं, त्यात काय, ड्यूटीच आहे.

१५ जून, शनिवार
बोर्ड खोलतोय. स्क्रू चौदा. अकराव्या स्क्रूवरून बाराव्यावर यायला तासभर लागला. मामा म्हणाले, एवढा सावकाश कधीपासून झालास रे, आटप की.
कशाला आटपायचं.