एक आण्याच्या कोपऱ्यातला ठसा

बाबा, तुम्ही मला आणून दिलेला एक आण्याचा कागद आता चंद्रपुरात आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात काचेखाली आहे. मी तिथेच नोकरीला आहे, हेही तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते.

तो दिवस मला नीट आठवतो. तुम्ही चिमूरकडून सायकलवर रद्दी घेऊन आला आहात. आई चुलीजवळ मासे साफ करते आहे. तुम्ही पोतं दारातच टेकवता आणि खिशातून बोटभर लांबीचा जाड कागद काढता. "हे पाय बेटा, जुन्या पंचांगात भेटलं. वाचून सांग मले." मी वाचते, एक आणा. वर कुठल्याशा संस्थानाचं नाव, मधे फेटा बांधलेला राजा. दुसऱ्या दिवशी मी शाळेत विचारून आले. मोठ्या लढाईच्या काळात धातूची नाणी मिळेनाशी झाली, तेव्हा काही संस्थानांनी सुट्ट्या पैशांऐवजी असे कागद छापून चालवले, असं बाईंनी सांगितलं. तुम्ही किती हसलात! "म्हणजे राजाजवळ बी चिल्लर नोती! आपला किराणावाला चॉकलेट देते, त्यानं कागद देल्ला." आई मान वर न करता म्हणाली, "चॉकलेट खाता तरी येते."

हसत हसत तुम्ही तो कागद पुन्हा हातात घेतलात. नुकतेच रेशनच्या दुकानातून आला होतात, अंगठ्याची जांभळी शाई वाळली नव्हती. कोपऱ्यावर ती फासली गेली आणि मी ओरडले, "बाबा! इतकी वर्षं कोणी खराब नाई केला, तुमी एका मिनिटात केला! अंगठा तरी धुवाचा होता!" आपल्या घरात आठवीपर्यंत पोचलेली मी पहिली. अंगठा हा शब्द मी ज्या सुरात उच्चारला, तो तुम्हाला कळला. तुम्ही फक्त पँटीला अंगठा पुसत राहिलात. दुसऱ्या दिवशी तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे माझ्या जातीच्या दाखल्याबरोबर तो कागदही लॅमिनेट करून आणलात. महत्त्वाचं ते सगळं आपण प्लास्टिकमध्येच घालायचो. "आता कोणाचा बी हात लागणार नाई," तुम्ही म्हणालात. "माझा बी नाई."

मागच्या महिन्यात ग्रंथालयात लढाईच्या काळातल्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं, तेव्हा मी तो नेला. नागपूरहून एक जाणकार सर आले होते, जुन्या चलनाचे अभ्यासक. आधी हळहळले, "लॅमिनेशन? अहो, मारून टाकलंत की याला!" ते कागदाचा जीवच घेतं, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं होतं. मग त्यांनी कोपऱ्यावर भिंग धरलं. पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकखाली अर्धगोल जांभळा डाग, रेषा कुठेच दिसत नाहीत. "हा शिक्का कुठंच नोंदलेला नाही. खजिन्याचा असणार. हा आमच्या संग्रहालयात घेऊ, तुमच्या नावानिशी." आमच्या ग्रंथपाल मॅडमनी माझी पाठ थोपटली. मी, जी कुलूप लावून पुन्हा दोनदा ओढून बघते, ती काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निरोप घ्यायला आले. मी उभी राहिले. "सर, तो शिक्का नाही. माझ्या वडिलांचा अंगठा आहे. रेशनच्या दुकानातली शाई."

त्यांनी चष्मा काढला. "खात्री आहे?"

"मीच ओरडले होते त्यांच्यावर."

एरवी साधं पत्र लिहितानाही मी चार वेळा तपासते, पण इतकी खात्री मला कशाचीच नव्हती. त्यांनी वहीतली नोंद खोडली. जाताना म्हणाले, प्लास्टिक काढून डाग पुसता येतो का बघू, जमलं तर संग्रहालय अजूनही घेईल. मी नको म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "मग इथंच राहू दे. पण चिठ्ठी नीट लिही."

नीट लिहिली. "लढाईच्या काळातलं एक आण्याचं कूपन. चिमूरकडच्या रद्दीत मिळालं. तिथवर कसं आलं, माहीत नाही. कोपऱ्यातली जांभळी खूण ते ज्यांना सापडलं त्यांच्या अंगठ्याची. मुलगी रागावली म्हणून त्यांनीच लॅमिनेट केलं." मुली वाकून वाचतात, आधी राजाकडे बघतात, मग कोपऱ्याकडे.

हे पत्र माझ्या टेबलाच्या खणातच राहील. एक सांगायचं राहिलं. सर आले त्या दिवशी मी गप्प राहिले, ती घाबरून नाही. एक शिकलेला माणूस तुमच्या अंगठ्यावर भिंग धरून "खजिन्याचा" म्हणाला होता. मला ते आणखी एकदा ऐकायचं होतं.