डाईंगच्या जागेवरची माती

सोम. ३ डिसें. २००७
धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षा, पुढे चालत. बंद पडलेल्या डाईंग कारखान्याची जागा. तिथे गोडाऊन होणार, एक बिस्कीट कंपनी भाड्याने घेणार, म्हणून मातीचा अहवाल हवाय. लॅबच्या सरांनी बारा ठिकाणं आखून दिली. माती काढायचं गिरमिट मीच फिरवलं, तळहाताला फोड आले. सगळीकडे तोच लाल मुरूम, तीन फुटांवर खडक. इतकी वर्षं इथे कापड रंगवलं आणि मातीवर एक डाग नाही?
वॉचमनचाचा हसले. "अरे मॅडम, ये तो नयी भराई है. पुरानी मिट्टी बारिश के पहले ट्रॅक्टर भर भर के गयी. सेठ बोला, जिसको चाहिए ले जाओ."
कुठे गेली? "क्या मालूम. गाँववाले ले गये."
सरांना लगेच सांगितलं. नुसतं "हं" म्हणाले.

गुरु. ६ डिसें.
बाराही नमुने स्वच्छ. अहवालात एक ओळ घाला म्हटलं, की पूर्वीची माती इथून हलवलेली आहे.
सर: "वॉचमन लिहून देईल? आपल्याला जागा विचारलीय. जागा स्वच्छ आहे. यात खोटं काय, दाखव."
दाखवता येईना. सही केली. "तपासणी करणारे" याखाली माझं नाव, पहिल्यांदाच. सही करताना खरं तर आनंदच झाला, हेही लिहून ठेवते.
झेरॉक्स घरी आणली. बाबा ट्रॅक्टर धुवत होते. हात पुसून कागद घेतला, माझं नाव एकेक अक्षर लावून वाचलं. मग, "कंची जागा गो ही?"
सांगितलं.
"ती डाईंगची? अगं मंग आपल्या घरामागचे वाडीतली माती तितलीच! मीच आनली पावसाच्या आधी. आजूनपन पाच घरांना टाकली."
आई आतून, "बघ! वास येतो वास येतो करून नाक मुरडत व्हतीस. आता तुज्याच सहीनं पास झाली."
बाबा झेरॉक्स घेऊन बाहेर गेले ते दीड तासाने आले. खूश.
मला जेवण गेलं नाही. ताटात वाडीतलाच मुळा होता.

शनि. ८ डिसें.
आई बाजारात गेल्यावर घरामागे खणलं. पूर्वी तिथे पाणी साचायचं, यंदा भर टाकल्यावर वाडी झाली. मुळा, मेथी, पालक. वर सगळं नेहमीसारखं. वीतभर खाली पिवळा पट्टा, मध्ये निळसर गोळे. ओले केल्यावर बोटांना रंग लागला, साबणाने निघेना.
माती घेतली, दोन मुळे घेतले. पिशवीवर नाव नाही, नुसता आकडा, १३.
आई संध्याकाळी: "दोन मुळं कोनी उपटलं गो?" मी म्हटलं, मी खाल्ले. हे मात्र खोटं.

बुध. १२ डिसें.
मातीत क्रोमियम, शिसं. मर्यादेच्या कितीतरी वर. मशीन चुकलं असेल म्हणून पुन्हा लावलं. तेच.
मुळा धुऊन, सोलून तपासला. त्यातही शिसं.
सर मागे उभे होते. "तेरावा नमुना कुठला?"
"आमच्या घरचा. ती जुनी माती आमच्याकडे आलीय."
स्वतःच्या पेल्यातलं पाणी माझ्यापुढे ठेवलं. मग: "घरी सांग. भाजी थांबव. पण गेलेल्या अहवालाला हात लावू नकोस, पोरी. तो खरा आहे."
खरा आहेच. म्हणूनच तर भीती.

शनि. १५ डिसें.
तीन दिवस धीर झाला नाही. आज बाबांना सांगितलं.
आधी हसले. "परवा चांगली व्हती, आज वाईट झाली?"
समजावलं, की मी तपासली ती माती वेगळी, नवीन आणून टाकलेली. ही जुनी, तिथून उचललेली.
"कागदावर तसा लिवलाय?"
नाही लिहिलं.
"का न्हाय लिवला?"
सर नको म्हणाले, एवढंच सांगितलं.
"पाचही घरांत मी कागद फिरवला. सांगितला, बिनधास खा, आमचे पोरीनं तपासलीय. आता दारोदार जाऊन काय सांगू? पोरगी चुकली का बाप चुकला?"
म्हटलं, मी जाते, मी सांगते.
"तू न्हाय जायचा," एवढंच बोलून ट्रॅक्टरवर जाऊन बसले. चालू केला नाही. नुसते बसून राहिले. बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं.

रवि. १६ डिसें., सकाळी ६
आईला बाबांनी सांगितलेलं दिसतंय. चहा देताना म्हणाली, "आजपासून वाडीतला घरात नको शिजवूया. तू बोलतेस ना."
ती इतक्या लवकर ऐकेल असं वाटलं नव्हतं.
मग बाहेर पाहिलं तर ओटीवर टोपलीत मुळ्याच्या जुड्या बांधून तयार. त्यांच्यावर पाणी शिंपडत होती.
"आई, या कुठे?"
"नाक्यावर. मंग काय कुजवू?"
"अगं, तिथेही माणसंच खातात."
"त्यांच्यासाठी तुजा कागद हाय ना," ती म्हणाली. चिडून नाही, अगदी साधेपणाने. कोपऱ्यातल्या पालकाची जुडी नीट करत.
मी आत येऊन हे लिहितेय. तेरावा निकाल वहीतून काढून पुढ्यात ठेवलाय. त्यावर सही नाही, शिक्का नाही, नुसते माझ्या अक्षरातले आकडे. पाच घरं उठली असतील. जायचंच, बाबा काही म्हणोत. पण आधी ही टोपली अडवायला हवी.
टोपली जड आहे. रिक्षापर्यंत डोक्यावर न्यावी लागते, उचलून द्यायला आईला रोज कुणीतरी लागतं. बाबा मघाशीच बाहेर गेले.
"काय करतेस गो आत? रिक्षा आली. ये, हात लाव."