कायद्याचा पेपर कोणता

जठारपेठ, अकोला
१२ जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नांदगावला घरी फोन केला की आई स्पीकर लावते, तुझा ड्यूटीत लागत नाही, म्हणून हे पत्र तुझ्या बडनेऱ्याच्या क्वार्टरवर.

माझ्या एसीसीएच्या, या विलायती सीएच्या, राहिलेल्या पेपरांत आता कायद्याचा आहे. तो इंग्लंडच्या कायद्याचा द्यायचा किंवा ग्लोबल, म्हणजे कोणत्याही एका देशाचा नसलेला. पास व्हायला दोन्हींतला कोणताही चालतो, असं क्लासचे सर म्हणतात. मला ग्लोबल द्यायचा आहे. पण अंकुरच्या वडिलांनी लेस्टरहून बाबांना बजावलंय, सुनेने इंग्लंडचाच द्यावा. साखरपुडा झाला म्हणून पेपरही तेच ठरवणार? इतका आग्रह कशासाठी, जरा काढून घे.

रश्मीवहिनीची तिळाची चटणी संपली, हे तिच्या कानावर घाल.

माया आहेच, ती असू दे.
आरती

बडनेरा
२१ जानेवारी

चि. आरतीस,
अनेक आशीर्वाद.

चटणी शेजारच्या महादेवरावाच्या हाती पाठवून राहिलो. एका दिवसात फस्त करू नोको.

अंकुरच्या बाबाशी बोललो. त्यायची तिकडं हिशेबाची फर्म आहे. त्यायले आता थांबाचं आहे, अन् अंकुर काही ती परीक्षा पास झाला नाही. फर्मच्या हिशेबावर सही कराले तिकडचा कायदा शिकलेलं घरचं माणूस पाह्यजे. ते तू. हसत हसत सांगतलं त्यायनं. आपले बाबा तर हरखले, पोरगी मालकीण होते म्हणतात. साऱ्या नांदगावले सांगून बसले. मले बरं नाही वाटलं, पण मोडता घालन कोण? तू गुमान इंग्लंडचा दे, बाई.

तब्येतीले जप, भावावर राग धरू नोको.
गजेंद्र

अकोला
२९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. त्यांना सून नको, सही पाहिजे. अंकुरला विचारलं, तुला काय वाटतं. तो म्हणाला, ते सगळं पप्पा बघतात. मग अकोल्यात थंडी किती आहे, ते विचारत बसला. वाईट नाही तो, दादा. त्याचंही तिथे काही चालत नाही.

मी ग्लोबलची तारीख घेतली आहे. पेपरच त्यांच्या कामाचा नसला की सगळं आपोआप मोडेल, मला कोणाला काही सांगावं लागणार नाही. तूही बोलू नकोस.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव.
आरती

बडनेरा
१५ फेब्रुवारी

चि. आरतीस,
अनेक आशीर्वाद.

पास झाली, शाबास! वहिनीनं पेढे वाटले.

निकालावरून ग्लोबल दिला हे समजलं तवा बाबा लय भडकले. लगेच लेस्टरले फोन लावला. मले वाटलं, आता मोडते. पण तिकडून उत्तर आलं, काही बिघडत नाही, लग्न झाल्यावर सून इकडं येऊन इंग्लंडचा पेपर देईल. वैशाखातली तारीख निघाली. बाबा आज हॉल पाहून आले. तो पेपर पुन्हा देता येते काय खरंच?

कसं लिवावं, समजत नाही. जेवत जा.
गजेंद्र

अकोला
१८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

देता येतो, दादा. हवा तेव्हा देता येतो.

मला वाटलं होतं, पेपर बदलला की सुटले. मला हे लग्न नको आहे, हे मी अजून एकदाही तोंडाने म्हटलेलं नाही. अंकुरला नाही, बाबांना नाही, तुलाही आत्ताच. येत्या रविवारी नांदगावला येते. बाबांना मीच सांगेन. ते अकोल्याचा क्लास बंद करतील, बाकीचे पेपरही राहतील कदाचित.

तू ये. बोलू नकोस काही, बाबांपुढे तुझी जीभ वळत नाही, ते मला ठाऊक आहे. फक्त बाबांच्या बाजूला नको, माझ्या बाजूला बस.

तुझीच,
आरती