धुमस न लागलेली जागा

मोहटोला, गोंदियाजवळ
गुरुवार, ता. २० जानेवारी १९४४

तीर्थस्वरूप सौ. बाईस,
धाकट्या भावाचा, टेकचंदचा पायांवर डोकं ठेवून दंडवत.

माय, मी, दोन्ही म्हशी, सगळे ठणठणीत आहोत. तुझा तिळगूळ पोचला. गोड बोला म्हणून पाठवलास, पण लाडू असे झाले आहेत की तोंडात धरल्यावर तासभर बोलताच येत नाही. मायला मी वरवंट्यानं फोडून दिला. तरी तीनच दिवसांत डबा रिकामा झाला, हेही सांगून टाकतो, नाहीतर पुढच्या वर्षी पाठवायची नाहीस. भाऊजींचा खोकला गेला का? सुशिलाला म्हणावं, मामाला पत्र लिहिताना शेवटी सही करायची असते. मागचं पत्र कोणाचं, हे आम्ही अक्षरावरून ओळखलं. अक्षर अगदी तुझ्यावर गेलं आहे.

हे पत्र टपालानं पाठवत नाही. विमानतळावरची पत्रं फोडून वाचतात. तिरोड्याच्या बाजाराला श्यामलाल निघाला आहे, त्याच्या हाती देतो. उत्तर त्याच्याजवळच दे, शनिवारी तो परत येईल. सोमवारच्या आत मला तुझं उत्तर हवं आहे. सोमवारी साहेबापुढं चौकशी आहे आणि आपल्या पुनारामला पोलिसांच्या हवाली करायचं घाटत आहे. माझ्यावर काही नाही, घाबरू नकोस. पण सगळं नीट सांगायचं तर मला जरा लांबून यावं लागेल.

तू दर पत्रात विचारतेस की तळावर तू नक्की करतोस काय. मायनं गावभर सांगून ठेवलं आहे की तिचा टेकचंद विमान चालवतो. खरी गोष्ट अशी की मी विमान धरतो. हसू नकोस. आमच्याकडे शिकाऊ साहेबांची लहान विमानं आहेत, एकावर एक असे दोन पंख, कापडानं मढवलेले. आभाळात ती फार गुणाची. सगळा तमाशा सुरू होतो तो खाली उतरल्यावर. पुढं दोन मोठी चाकं, मागं शेपटीखाली एक टीचभर चाक, आणि ब्रेक म्हणशील तर नाहीच. शेपटी टेकली की विमानाचं तोंड आभाळाकडे होतं आणि आत बसलेल्या साहेबाला समोरचं काही दिसत नाही. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव जसा चालतो, तसा तो डावीउजवीकडे मान काढत येतो.

आणि वजन सगळं मागं. भरलेली बंडी कधी मागच्या बाजूनं ढकलली आहेस? जरा चाक अडलं की ती गर्रकन तोंड फिरवते, मग दहा जणांना आवरत नाही. हे विमान तसंच. त्यात बाजूचा वारा आला की ते वाऱ्याकडे तोंड करायला बघतं. म्हणून माझे आठ गडी दोन्ही बाजूंना उभे असतात. विमान टेकून जरा सावकाश झालं की दोघे धावत जाऊन खालच्या पंखाची टोकं धरतात आणि त्याला पोराच्या हाताला धरून आणावं तसं जागेवर आणतात. चुकलं तर पंख जमिनीला घासतो, कापड फाटतं, लाकडं मोडतात. मी मुकादम, म्हणजे मी ओरडतो. दोन वर्षांत आम्ही एकही पंख मोडू दिला नव्हता. माझं मला कौतुक वाटायचं.

गेल्या सोमवारी उत्तरेचा वारा सुटला होता, डोळे उघडू देत नव्हता. त्यामुळे विमानं नेहमीच्या पट्ट्यानं न उतरवता आडवी, बोडीच्या पाण्याच्या बाजूनं उतरवली. त्या बाजूनं वर्षातून दोनतीनदाच उतरतात. होल्डन म्हणून एक शिकाऊ साहेब आहे, वीस-एकवीस वर्षांचा, अजून मिसरूड धड नाही. आम्हाला पाहिलं की "राम राम" म्हणतो, तेही सकाळीच नाही तर दुपारी जेवतानासुद्धा. तो फार छान टेकला. डाव्या पंखाला पुनारामनं हात घातला, आणि तेवढ्यात विमान डावीकडे असं फिरलं की पुनाराम चार हात लांब फेकला गेला. उजवा पंख जमिनीत घुसला. होल्डन साहेबाचं खांद्याचं हाड मोडलं, कपाळ फुटलं. वाचला. तोंडाशी असलेला पंखा अजून फिरत होता, पुनाराम त्याच्याखाली गेला असता तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही.

तो पुनाराम तुला आठवतच असेल. चिचगडकडचा गोंड, आपल्याकडे धान रोवायला, कापायला यायचा, तुला मोहाची वाळलेली फुलं आणून द्यायचा. मोठ्या साहेबाचं म्हणणं असं की यानं मुद्दाम पंख ओढला. बेचाळीस सालानंतर त्यांना प्रत्येक काळ्या माणसात घातपात करणारा दिसतो. पुनारामनं आयुष्यात रेल्वेचा रूळसुद्धा नीट पाहिलेला नाही, तो काय उखडणार? मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "मी ओढलो नाही जी. थेच फिरलं." बस, एवढंच. साहेबानं दुभाष्याकडून विचारलं, चाकाखाली जमीन मऊ होती का? तर हा म्हणतो, "मालूम नाही."

बाई, त्याला मालूम आहे. मलाही आहे. हे लिहायचं म्हणून मी दोन दिवस कागद घेऊन बसतो आहे आणि म्हशींची खुशाली लिहून उठतो आहे.

तळासाठी आपली जमीन गेली, तेव्हा मी तुला लिहिलं होतं की धानाच्या चार बांध्या गेल्या. कोणत्या ते लिहिलं नव्हतं. तूही विचारलं नाहीस. त्यात मोहाखालची बांधी होती. बोडीच्या बाजूला, आता जिथं आडवं उतरतात तिथं.

पहिल्या बाळंतपणाला तू माहेरी आली होतीस आणि सातव्या दिवशी लेकरू गेलं, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. बाबा आणि काका घेऊन गेले. मिठाची पुडी माझ्या हातात होती. बायांनी जायचं नसतं म्हणून तुला कोणी जागा दाखवली नाही, आणि नंतर त्याच्याबद्दल घरात कोणी बोललं नाही. मीसुद्धा नाही. मोहाच्या धुऱ्याला, बांधाच्या उगवतीच्या अंगाला ती जागा आहे. मी तिथून कधी चप्पल घालून गेलो नाही.

तळ बांधताना लिहितावाचता म्हणून मला मुकादम केलं. धुरे फोडून बांध्या सपाट करायच्या, भर टाकायची, पाणी मारायचं, वर धुमस हाणून जमीन दगडासारखी करायची, मग रूळ फिरवायचा. मोहा तोडला. त्या जागेवर आलो आणि माझा हात उचलेना. पुनाराम माझ्या टोळीत होता. त्यानं माझ्या हातातून धुमस काढून घेतला आणि म्हणाला, "इथं नाही मारू, टेकचंदभाऊ." त्याला कोणी सांगितलं होतं कोणास ठाऊक. आम्ही दोघांनी तेवढ्या जागेवर हातानं माती पसरली, थापटली, वर हरळी लावली. रूळवाल्याला मी बाजूनं काढून दिलं, काय थाप मारली ती आता आठवतही नाही. दीड हात रुंद, तीन हात लांब. तीन पावसाळे त्यात पाणी मुरलं. सोमवारी डावं चाक नेमकं तिथं गेलं.

मी बघून आलो. चाकाची खूण वीतभर खोल आहे. साहेबाची माणसं पंखाचे तुकडे मोजत होती, खाली कोणी पाहिलं नाही. मी पायानं हरळी सारखी केली. हे मी केलं, बाई. पुनारामला समोर धरून ठेवलं होतं आणि मी हरळी सारखी करत होतो.

काल कोठीच्या गजांतून मी त्याला म्हटलं, अरे, तू सांगत काऊन नाहीस? तो म्हणाला, "सांगतलं तं थे खोदतीन. लेकराले उठवू कायले?" त्याचं स्वतःचं घर आहे, बायको आहे, जमुना नावाची लेक लग्नाला आली आहे. हा माणूस आपल्या घरच्या लेकरासाठी तोंड मिटून बसला आहे, आणि मी त्या लेकराचा सख्खा मामा.

साहेबाला मी सांगणार आहे. ते ठरलं आहे, त्यासाठी तुझी परवानगी मागत नाही. पण सांगितलं की ती जागा उकरतील, नाहीतर त्यावर रूळ फिरेल. ते तुझ्या पाठीमागं होऊ देणं मला जमणार नाही. म्हणून विचारतो. तू म्हणशील तर त्याआधी मी स्वतः जाऊन त्याला तिथून काढून नदीकाठी नेईन. नको म्हणशील तर नको. शिव्या द्यायच्या असतील तर सगळ्या दे, श्यामलालला वाचता येत नाही.

मायला यातलं काही माहीत नाही.

तुझा अपराधी,
टेकचंद


तिरोडा
शनिवार, ता. २२ जानेवारी १९४४

चि. टेकचंदास देवकाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू मूर्ख आहेस. लहान होतास तेव्हाही होतास, मला वाटलं होतं मुकादम झाल्यावर सुधारशील.

जागा मला कोणी दाखवली नाही असं लिहितोस. अरे, मी त्याची माय आहे. दर वर्षी धानाच्या रोवणीला माहेरी यायची ती कशाला यायची? दुपारी सगळ्या बाया बोडीवर जेवायला जायच्या आणि मी मोहाखाली बसायची. पुनारामनं एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मोहाची वाळलेली फुलं आणून द्यायला लागला. मी माहेरी येणं का सोडलं ते आता तुला कळलं असेल. तळाला तारेचं कुंपण लागलं, मी कुठं बसू?

तू जागा राखलीस ते वाचून मी खूप रडले. मग तुझा रागही आला. एवढी वर्षं आपण दोघे एकच गोष्ट पोटात घेऊन फिरलो आणि पत्रात म्हशींची खुशाली लिहिली.

पत्र यांना मीच वाचून दाखवलं. तो विषय आमच्यात अकरा वर्षांत निघाला नव्हता. हे उठून अंगणात गेले, बराच वेळ आले नाहीत. आले ते म्हणाले, उद्याच्या पॅसेंजरनं निघू.

आता नीट ऐक. सोमवारची वाट पाहू नकोस. हे वाचशील तसा पायांत चप्पल घाल आणि साहेबाकडे जा. पुनाराम एक दिवसही जास्त कोठीत राहता कामा नये. सगळं सांग, हरळी सारखी केलीस तेही सांग. नोकरी गेली तर इकडे ये, यांच्या दुकानात पोती उचल.

त्याला उकरायचं नाही. नदीकाठी नाही, कुठंच नाही. जिथं बाबांनी ठेवलं तिथंच राहील. साहेबाला हात जोडून सांग, खोदू नका, वरून भर टाका आणि धुमस हाणा. ऐकेल. त्यालाही घरी कोणी असेलच. त्या होल्डनची माय तिकडे समुद्रापार बसली आहे, तिच्या पोराची हाडं मोडायला माझा पोरगा तिथं निजलेला नाही.

पहिला धुमस मी मारणार. मला आत सोडलं नाही तर मी तारेबाहेर उभी राहीन, पण मग तू मार, आणि असा मार की मला तिथपर्यंत ऐकू आलं पाहिजे. हलक्या हातानं मारशील तर माझ्याशी गाठ आहे. लोखंडासारखी कर ती जागा. त्याच्यावरून विमानं जाऊ देत. आज अकरा वर्षांचा असता, तुझ्या तळावरून त्याला घरी आणायला मला छडी घेऊन यावं लागलं असतं.

मायला मी येऊन सांगेन. तू तोंड उघडू नकोस, तुला नीट सांगता येत नाही.

बारशाच्या आधी गेला म्हणून तुम्ही सगळे त्याला लेकरू म्हणता. तूही पत्रभर लेकरूच लिहिलंस. त्यात तुझी चूक नाही, मला कोणी विचारलंच नव्हतं. सात दिवस मी त्याला नावानं हाक मारत होते. साहेबाच्या कागदावर जागेचं कारण लिहायचं झालं तर नाव विचारतील, तेव्हा अडखळू नकोस.

तुझी बाई,
खेमराजची माय,
देवका