घरामागची भट्टी

अण्णा, मी घरामागे लोहाराची भट्टी लावली आहे. तुम्हाला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि सांगणारं माझ्याशिवाय आता कुणी राहिलेलं नाही. बनारसच्या दुर्गाघाटच्या घरात नव्हे. तिथे धड पाय पसरायला जागा नव्हती, भट्टी कुठली लावणार. बँकेतून रिटायर झाल्यावर मी शहराबाहेरच्या कॉलनीत हे बैठं घर घेतलं. मागे पेरूचं झाड आहे आणि भिंतीला लागून थोडी मोकळी जागा. आई माझ्याकडेच असते. तर तुमची ही मुलगी, साठी उलटलेली, लग्न न केलेली, सकाळचा चहा झाला की जाड सुती ॲप्रन बांधते, डोळ्यांवर चष्मा चढवते आणि लोखंड बडवते. शौक म्हणून. शेजारीण भिंतीवरून डोकावून विचारते की बहिनजी, या वयात दुकान टाकायचं आहे का. मी म्हणते, नाही हो, जीव रमवते. ती मान हलवते आणि घरात जाऊन काय सांगते ते मला इथपर्यंत ऐकू येतं.

भट्टी म्हणजे काय, तर ट्रकच्या ब्रेकचा जुना ड्रम, त्याच्या बुडाला बसवलेला पाइप, आणि भात्याच्या जागी केस वाळवायचा हेअर ड्रायर. मोबाइलवर व्हिडिओ बघून सगळं जमवलं. ऐरण म्हणून उसाच्या चरकाचा मोडका रूळ जमिनीत उभा पुरला आहे. कोळसा कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला देतो. आणि पहिल्या दिवशी मी काय केलं असेल? अंघोळ केली, पाट मांडला आणि भट्टीसमोर मांडी घालून बसले. विस्तवासमोर बसायची दुसरी कुठली रीत मला कुणी शिकवलीच नव्हती. लोहार उभा राहतो, नाहीतर उकिडवा बसतो, ठिणगी उडाली की सरकता यावं म्हणून पाय मोकळे ठेवतो. मी होमाला बसल्यासारखी बसले. लाल पट्टीवर पहिला घाव घातला आणि तिच्यावरची जळकी खपली उडून सरळ मांडीत पडली. सलवार जळून कातडीला चिकटली. उठायला गेले तर पाय एकमेकांत अडकलेले. त्यावर कोळसे विझायला आले तरी मी तोंडाने फुंकर घालेना, तशीच लंगडत फुंकणी शोधत घरभर हिंडले. अग्नी तोंडाने फुंकायचा नाही. लहानपणी एकदा फुंकला होता, तेव्हा तुम्ही त्याच तोंडावर अशी मारली होती की पुढचा दात हलला. तुमच्या नावाने मी त्या दिवशी अंगणात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

तुम्ही घरात अग्निहोत्राचा अग्नी ठेवला होता, कधीच विझू द्यायचा नाही असा. गल्लीत त्याचा केवढा मान. दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंची कामं करून तुम्ही परत यायचात, आणि तोवर माडीवरच्या कुंडातला निखारा गोवरीखाली जिवंत ठेवायचं काम आईचं. एकदा ती तापाने फणफणली होती आणि निखारा विझला. मला अजून तो दुपारचा उजेड दिसतो. आई भिंत धरत जिना चढते आहे, हातात पळीवर शेगडीतला विस्तव. स्वयंपाकघरातला विस्तव, उष्ट्याखरकट्याचा, तो कुंडात घालायचा नसतो हे तिला तुमच्याइतकंच ठाऊक होतं. पण तुमची भीती त्या नेमापेक्षा मोठी होती. तिने गोवरी लावली, पेटवलं, खाली येऊन पुन्हा पडून राहिली. संध्याकाळच्या आहुतीआधी तुम्ही राख सारखी केलीत आणि राखेत पापडाचा जळका तुकडा निघाला. सकाळी त्याच शेगडीवर तिने पापड भाजले होते.

तुम्ही ओरडला नाहीत. हा विस्तव कुठला, एवढंच विचारलंत आणि चिमटा उचललात. तो लांब दांड्याचा लोखंडी चिमटा. पहिला तिच्या खांद्यावर बसला, दुसरा पाठीत, मग ती कोपऱ्यात सरकली आणि तिने हात डोक्यावर आडवा धरला. तुम्ही त्या हातावर मारत राहिलात. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे अण्णा, सुकी काटकी मोडावी तसा, आणि तो ऐकूनही तुम्ही थांबला नाहीत. थांबलात ते दमल्यावर. मग हातपाय धुऊन तुम्ही प्रायश्चित्ताला बसलात आणि मंत्र म्हणताना तुमचा श्वास एकदाही लागला नाही. प्रायश्चित्त अग्नीचं. आईने डॉक्टरला सांगितलं की घाटाच्या पायऱ्यांवरून घसरले. बनारसमध्ये पायऱ्यांवरून घसरले म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. तिचा तो हात आजही पुरता सरळ होत नाही.

दादाचं वेगळं. त्याला तुम्ही संहिता शिकवत होतात. स्वर वर गेला की डोकं वर, खाली आला की खाली, अशी मान धरून हलवायची ही सगळ्यांचीच रीत, त्यात काही नाही. पण तुम्ही शेंडी धरायचात, आणि स्वर चुकला की ते डोकं खाली जाऊन जमिनीलाच लागायचं. मी भिंतीपलीकडे तांदूळ निवडत बसायचे. मला ते मंत्र शिकायचे नव्हते, मुलीला कोण शिकवणार, पण कुठल्या स्वराला आवाज होणार हे मला आधी कळायचं आणि माझेच दात घट्ट व्हायचे. तो आता नागपूरला असतो. तुम्ही गेलात तेव्हा आला, मुंडण केलं, तुम्हाला अग्नी दिला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. फोनवर अजून तुमचा विषय निघाला की तो हवापाण्याचं बोलायला लागतो.

आणि थंडीच्या दिवसांत, आदल्या दिवशी घरात मारहाण झाली असली की दुसऱ्या सकाळी तुम्ही आमच्यासाठी मलइयो, तो दुधाचा गोड फेस, आणायचात. मातीच्या कुल्हडात, वर पिस्त्याचे काप. आईच्या फुटलेल्या ओठाला तो केशराचा फेस लागायचा आणि तुम्ही समोर बसून विचारायचात, चांगलं आहे ना? चांगलंच असायचं. मेलं काय चांगलं लागायचं ते! त्याचंही तुम्ही काय करून ठेवलंत बघा, मी आजही ते तोंडात घालू शकत नाही आणि बाकी बनारस थंडीभर तेच खात असतं.

आता भट्टी कशासाठी ते सांगते. तुमचा हात मला आला आहे. नाक आईचं, डोळे आजीचे आणि हात तुमचा. बँकेत मी कधी कुणावर उचलला नाही, पण टेबलाखाली मूठ आवळून बसलेली असायचे. काउंटरवर कुणी मूर्खासारखं बोललं की त्याच्या थोबाडात बसल्याचा आवाज माझ्या कानात आधी वाजायचा. रिटायर झाले, दिवसभर घरात आईबरोबर, आणि मला माझीच धास्ती वाटायला लागली. आई आता फार थकली आहे. मला एकच गोष्ट हवी होती, की तिचे उरलेसुरले दिवस कुणाला न भिता जावेत. माझ्या घरात तरी. म्हणून लोखंड. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा लालबुंद होऊन भट्टीतून निघतो, तो मी सांडशीत धरते आणि मारते, तो काळा पडेपर्यंत मारते, पुन्हा आत सारते आणि पुन्हा मारते. खांदा भरून येतो, कानात शिट्टी वाजते, तोंडात राखेची चव येते. लोखंड रडत नाही. त्याला डॉक्टरकडे न्यावं लागत नाही. खोटं कशाला बोलू, मला त्यात सुख होतं.

मग एका सकाळी सांडशी विसरले म्हणून घरात आले, तर बाहेर गल्लीत कुणीतरी पत्रा ठोकत होतं. आई खाटेवर बसली होती, आणि पत्र्यावर घाव पडला की तिचा तो वाकडा हात आपोआप डोक्यावर जात होता. घाव, हात वर. घाव, हात वर. तिला स्वतःला पत्ताही नव्हता, दुसऱ्या हाताने ती वाती वळत होती. मी दारात उभी राहिले. म्हणजे मी बाहेर रोज जीव रमवत होते तेव्हा ही आत हेच करत होती. मी त्याच दिवशी ड्रायर काढून ठेवला आणि भट्टीवर पत्रा झाकला. आईने विचारलं, का गं बंद केलंस? मी म्हटलं, कंटाळा आला.

आणि अण्णा, जे व्हायचं तेच झालं. भट्टी बंद होऊन थोडेच दिवस गेले असतील. आई रक्तदाबाची गोळी घेईना. कडू लागते म्हणाली, नंतर घेते म्हणाली, मग तिने ती हळूच पदरात लपवली आणि घेतली म्हणून सांगितलं. मला दिसलं होतं. माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. मी पाण्याचं भांडं भिंतीवर भिरकावलं आणि तिच्याकडे वळले, आणि माझा हात वर होता. मारणार होते का? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पण तिने वाट पाहिली नाही. तिने तो हात डोक्यावर आडवा धरला, डोळे मिटले आणि पुटपुटली, चुकलं, चुकलं. माझ्यासमोर. तुम्हाला म्हणायची तेच, त्याच आवाजात. मी खाली बसले ती उठलेच नाही. भिंतीवरून पाणी ओघळत होतं. मला त्या क्षणी तुमचा इतका राग आला की तुम्ही मेलेले आहात हेच मला अन्यायाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा संपवून आईने कप खाली ठेवला आणि म्हणाली, भट्टी पेटव. मी म्हटलं, नको, तुला त्रास होतो. ती म्हणाली की तिला कशाचा त्रास होतो ते ती बघेल, आणि भिंत धरत आपल्या पायांनी मागच्या दारापर्यंत आली. मी तिला पेरूखाली खुर्ची टाकून दिली. ड्रायर लावला, कोळसे फुलवले, पाट्याचा तुकडा तापत ठेवला. ती टक लावून बघत होती. तुकडा बाहेर काढला आणि मी अगदी बेताने मारू लागले, आवाज होऊ नये म्हणून. पहिल्या घावाला तिचा हात उचलला. दुसऱ्यालाही. मी हातोडा खाली ठेवणार तेवढ्यात ती बोलली.

"कुणाला मारतेस?"

"लोखंड आहे, आई."

"ते दिसतंय मला. मारतेस कुणाला?"

मी तिच्याकडे पाहिलं नाही. "अण्णांना," म्हटलं.

मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर मला बोलेल की गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. तुकड्याचा लाल रंग उतरत चालला होता.

"ह्यांना?" ती म्हणाली. "मग एवढं हळू का मारतेस?"

मी मारलं, अण्णा. खांद्यापासून हातोडा उचलून मारलं. तुकडा काळा पडला तरी मारलं. गार लोखंडावर मारू नये, ते तडकतं, हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी मारत राहिले. तो सांडशीतून निसटला तर पायाने ऐरणीवर दाबून धरला आणि दोन्ही हातांनी हातोडा मारला. चप्पल जळली. खपल्या उडून हातावर फोड उठले. शेजारीण भिंतीवर आली आणि काही न विचारता परत गेली. शेवटी तुकडा मधोमध तडकला आणि अर्धा उडून पेरूच्या बुंध्याला लागला. मी धापा टाकत आईकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. तिने एवढंच विचारलं की अजून आहे का. मी कबाड्याकडून भंगारात आणलेला लोखंडाचा सगळा ढीग तिला दाखवला.

आता ती रोज येऊन बसते. गोळी तिथेच घेते, माझ्या हातून, तोंड वाकडं करत. परवा शेजारणीला सांगत होती की आमच्या मुलीचा हात फार चांगला आहे. माझा हात तिला चांगला वाटतो, अण्णा. हे ऐकून मी आत जाऊन रडले, मोठ्याने रडले.

हे पत्र कुठे जाणार नाही. गंगेत सोडणार नाही, जाळणार नाही, भट्टीत तर नाहीच. कपाटात राहील. आईची भीती गेली आहे, तेवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. माझी गेलेली नाही. तुम्ही आत्ता या मागच्या दारात येऊन उभे राहिलात ना, तर मी हातोडा खाली ठेवेन, ॲप्रनला हात पुसेन आणि आधी तुमच्यासाठी पाणी आणायला जाईन.