टाचेवरची माती

अण्णा, तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही. तसं तुम्ही असतानाही लिहिली नव्हती. आपलं बोलणं 'जेवलीस का' आणि 'गाडीत बसलीस का' एवढ्यातच संपायचं. आज लिहायला बसले, कारण गेल्या महिन्यात आईला घेऊन बारामतीला माझा सिनेमा बघायला गेले होते. तिथं जे झालं ते मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, किती संवेदनशील आहे ही.

बारामतीलाच हे सगळं सुरू झालं होतं. मी नववीत होते. शाळा-कॉलेजातल्या मुलांवरची एक मालिका निघणार होती आणि तिच्यासाठी मुंबईची माणसं एका कॉलेजच्या हॉलमध्ये पोरं निवडत होती. आपल्या गावाहून, वरकुट्याहून, तुम्ही मला मोटारसायकलवर घेऊन गेलात. डाळिंबाच्या छाटणीचे दिवस होते, तरी गेलात. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "काय येतं तुला?" आणि माझी दातखीळ बसली. मागून तुम्ही म्हणालात, "हिला समद्यांच्या नकला येत्यात, मॅडम. ताई, माझी कर की." मग मी तुमची नक्कल केली. व्यापारी बागेत येतो, फळ हातात घेऊन नाक मुरडतो, आणि तुम्ही टोपी मागं सारून म्हणता, "न्हाय पटत तर ऱ्हाऊ द्या. झाडाला काय जड झालंय व्हय?" बाई हसल्या. सगळ्यात जास्त तुम्ही हसलात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला घेतलं ते त्या नकलेवर.

मी लहान होते, म्हणून सेटवर घरचं माणूस हवं, असा नियम होता. आईच्या मागं गुरं आणि धाकटा भाऊ. तुम्ही बाग काकांच्या हवाली केली आणि माझ्याबरोबर आलात. मुंबईजवळ, घोडबंदरच्या बाजूला एक खोली, तिच्यात भिंतीला लावलेला एक ओटा आणि गॅसची शेगडी. घरी तुम्ही पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेतला नसेल. तिथं तुम्ही भाकरी शिकलात. आई फोनवर सांगायची, पाणी गरम घ्या, पीठ मळताना तळहाताचा जोर लावा. तुमची भाकरी जाड व्हायची, एका बाजूला करपायची. मी नाक मुरडायचे. तुम्ही करपलेला भाग स्वतःकडं ठेवायचात आणि मधला मऊ तुकडा माझ्या डब्यात. मला अजून दिसतं ते. तुम्ही खाली उकिडवे बसलाय, परातीत पीठ आहे, आणि कपाळाचा घाम दंडानं पुसताय, कारण हात भरलेत.

सेटवर तुम्ही जनरेटरच्या गाडीशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत दिवसभर बसायचात. पहिल्याच आठवड्यात माझा रडण्याचा सीन होता. कॅमेरा चालू होता, मी हुंदके देत होते, आणि तुम्ही मागून मोठ्यानं ओरडलात, "आरं, त्या पोरीला पाणी द्या की कुणी तरी!" सगळं युनिट हसलं. तुम्हीही हसलात, पण उशिरा, काय चाललंय ते कळल्यावर. मी हसले नाही. पुढं एकदा घरून डाळिंबांचा बॉक्स मागवलात, निवडक, एकेक फळ हातात मावणार नाही असं. म्हणालात, "समद्यांना वाटा." सेटवरच्या माणसांनी ती फळं मालिकेतल्या श्रीमंत घराच्या टेबलावर परडीत मांडली, आणि सीन पुरा होईपर्यंत हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. दिव्यांच्या उष्णतेनं आठवड्यात ती सुरकुतली. तुम्ही येता-जाता बघायचात. शेवटी एकदा त्यांच्यातल्या एकाला हळूच म्हणालात, "खायला आणली हुती ओ ती."

तिसऱ्या वर्षी मालिका जोरात होती. इंदापूरच्या बाजारात आईला लोक माझ्या मालिकेतल्या नावानं विचारायचे. त्याच वर्षी तुम्ही मला एकदाच बोललात. जेवताना, मान वर न करता. "ताई, आलीकडं तू खोटं रडतीस. आधी बरं रडायचीस." मी ताट सरकवलं. म्हटलं, तुम्हाला काय कळतं त्यातलं? तुम्ही म्हणालात, "मला अभिनयातलं काय बी कळत न्हाय. पर तू माझी पोरगी हायस, तेवढं कळतं." मला तेव्हा तो अपमान वाटला. आता कळतं, माझ्या कामाबद्दल मला खरं सांगणारं पहिलं माणूस तुम्ही होतात. बहुतेक शेवटचंही.

पुढचं लिहायला हात वळत नाही, तरी लिहिते. मला अठरा पूर्ण होऊन काही दिवस झाले होते. मेकअपच्या खोलीत आम्ही चार-पाच जण होतो. कुणीतरी म्हणालं, तुझ्या पप्पांची नक्कल कर ना. मी केली. टोपी मागं सारली, 'हाय', 'न्हाय', 'आवो' केलं, भाकरी तोंडात ठेवून बोलतात तसं बोलले, जे तुम्ही कधी करत नव्हता. सगळे लोळून हसत होते. आरशात मला तुम्ही दिसलात. दारात उभे होतात, हातात माझा डबा. बारामतीच्या हॉलमध्ये हसला होतात, तसं हसाल असं मला क्षणभर वाटलं. तुम्ही डबा आरशापुढच्या फळीवर ठेवलात आणि म्हणालात, "गरम हाय तवर खा." संध्याकाळी कपड्यांची पिशवी भरलीत. म्हणालात, "तू आता मोठी झालीस. माझं हितं काय काम न्हाय." मी म्हणायला हवं होतं की राहा. मी म्हणाले, "हो, तुम्हालाही बागेचं बघायला बरं."

बाग कुठं राहिली होती! तुमच्या पाठीमागं डाळिंबावर तेल्या रोग पडून गेला होता. फळांवर काळे डाग, फळं तडकलेली. काकांनी फवारलं, पण तुमच्यासारखं रोज झाडापाशी जाणं त्यांच्याच्यानं झालं नव्हतं. तुम्ही घरी गेलात आणि पहिलं काम केलंत ते झाडं उपटायचं. हे मला आईनं सांगितलं, तुम्ही नाही. दीड वर्षानं, नवी रोपं लावण्यासाठी खड्डे घेताना, दुपारी, तुम्ही खड्ड्याच्या कडेला बसलात ते उठला नाहीत.

मी पोचले तेव्हा तुम्हाला अंगणात ठेवलेलं होतं. गाडीतून उतरले आणि चार-दोन फोन माझ्यावर रोखले गेले. मला रडू आलं नाही. मी तुमच्या पायाशी बसले. तुमच्या टाचेच्या भेगांत माती तशीच होती, खड्ड्यातली, ओलसर. मी ओढणीच्या टोकानं ती काढायला लागले. मग नखानं. एक भेग झाली की दुसरी. बायका म्हणाल्या, आगं रड की, रड. आईनं त्यांना गप्प केलं, "आतून रडतीया ती. करू द्या तिला." किती वेळ मी ते करत होते, मला माहीत नाही.

आणि आता ते सांगते जे आईलाही माहीत नव्हतं. ते करताना माझ्यातच कुणीतरी बाजूला उभं राहून बघत होतं. आपला अंगठा भेगेवरून कसा फिरतोय ते त्यानं पाहिलं. माती नखात कशी जाते ते पाहिलं. आणि ते म्हणालं, हे लक्षात ठेव.

मालिका संपली, मी वर्षभर घरी बसले, मग दोन छोटे सिनेमे मिळाले. आणि मग हा. नवऱ्याच्या मरणानंतरची एक बाई, आपल्याच भागातली. दिग्दर्शकांना बोली हवी होती, ती मी तुमची दिली. मरणाच्या सीनचे सहा टेक झाले. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "रडू नकोस. या बाईनं अशा वेळी काय केलं असतं, ते कर." सातव्या टेकला मी मेलेला नवरा झालेल्या नटाच्या पायाशी बसले आणि त्याच्या टाचेवरची माती काढायला लागले. आधी पदरानं, मग नखानं. 'कट' म्हटलं. दिव्यांवरचा माणूस डोळे पुसत होता. तोच तुकडा सगळीकडं फिरला, बाहेरच्या महोत्सवांत, बक्षिसाच्या समारंभात. आता मला मोठी अभिनेत्री म्हणतात. मुलाखतीत विचारतात, हे तुम्हाला सुचलं कसं? मी म्हणते, निरीक्षण.

आईला मी काही सांगून ठेवलं नव्हतं. बारामतीच्या थिएटरात ती माझ्याशेजारी बसली होती, नवं लुगडं नेसून, लोक मागं वळून बघत होते म्हणून अवघडलेली. तो सीन आला. तिनं आधी माझा हात धरला. मग सोडला. मग उठली आणि लोकांच्या गुडघ्यांना थटत बाहेर गेली. मी मागं गेले. ती पायऱ्यांवर बसली होती.

"ती टाच त्यांची हुती," ती म्हणाली.

मी म्हणाले, "आई, तो सिनेमा आहे."

"आपल्या अंगणातलं हुतं ते. मी तवा बायांना सांगितलं, पोर आतून रडतीया. समद्या गावाला सांगितलं." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, अगदी जवळून, बाजारात फळ बघावं तसं. "मला एक सांग. तवा तू काय करत हुतीस?"

मी 'रडत होते' म्हणू शकले असते. ते वाक्य मला येतं, त्यातला श्वास कुठं तोडायचा तेही येतं. म्हणूनच मी ते बोलले नाही. आणि मग मला खरंच रडू फुटलं, तिथं पायऱ्यांवर, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. आई बघत राहिली. तिनं हात पुढं केला नाही. म्हणाली, "आता तू रडलीस तरी मला कळत न्हाय गं."

त्यानंतर दोनदा वरकुट्याला जाऊन आले. ती नीट बोलते. पाहुण्यांसाठी ठेवलेलं ताट काढते, बसायला पाट मांडते, आग्रह करते. निघताना दारापर्यंत पोचवायला येते. कुठंच भांडण नाही, त्यामुळं मिटवायचंही काही नाही. भावानं सगळीकडं ऊस लावलाय, तुमचे खड्डे कुठं होते ते आता सांगता येत नाही. मी नव्या सिनेमाला होकार दिलाय. त्यातही एक मरण आहे, आणि त्यासाठी माझ्याकडं काय उरलंय याचा विचार मी घरून परतताना गाडीत करत होते. आईचा पायऱ्यांवरचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं आला, आणि मी तो पुसून टाकला नाही.

माफी मागायला लिहायला घेतलं होतं. ती कुठं मागितली हे वर शोधतेय तर सापडत नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, ते एक बरं आहे. कारण, अण्णा, लिहिताना मधे एका वाक्यापाशी थांबले होते आणि ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा जास्त चांगलं झालं.